बोटीवर परसाकडे जायचे तरी कुठे?

भाताची लावणी आटोपली की तलासरी आणि डहाणू तालुक्यांतील कितीतरी पाड्यांवरचे तरुण घर सोडतात. काही जण झाई, बोर्डी, डहाणूच्या बोटींवर जातात. पुष्कळसे मात्र वेरावळ, पोरबंदर, मांगरोळ, ओखा या गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून लागतात. होळीला चार दिवस येऊन जातात आणि १ जूनची पावसाळी बंदी लागली की परत येऊन नांगर धरतात. आमच्या खात्याच्या वहीत ज्याची नोंद 'अल्पभूधारक शेतकरी' अशी आहे, तोच वर्षातले सात-आठ महिने समुद्रावरचा मजूर असतो. भाताच्या वाणाविषयी, खताच्या मात्रेविषयी बोलायला आम्ही त्याच्या बांधावर जातो. तो बोटीवर राहतो कसा, हे विचारायला कोणी जात नाही. पाकिस्तानने बोट पकडली आणि त्यात आपल्या तालुक्यातला माणूस निघाला, तर तेवढी बातमी होते.

आज जरा अवघड वाटेल अशा विषयावर लिहायचे आहे. बोटीवर संडासची सोय. हसू नका मंडळी. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. घरोघरी शौचालयासाठी १२ हजार रुपयांचे अनुदान मिळाले, ग्रामसेवकांनी फोटो काढले, याद्या भरल्या. त्या यादीत ज्या घरमालकाचे नाव आहे तो भाद्रपदापासून वैशाखापर्यंत सुकाणूशेजारी दोराला धरून, अर्धा बाहेर लोंबकळत बसतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान यांत्रिक बोटींना शौचालय असे नसतेच. इंजिनाला जागा, बर्फाच्या खणाला जागा, जाळ्याला जागा, चुलीला जागा. सहा-आठ माणसांच्या पोटासाठी मात्र जागा ठेवलेली नाही.

'समुद्र एवढा मोठा, तिथे कशाला पाहिजे संडास?' असे एक जुने तांडेल मला म्हणाले. समुद्र मोठा आहे, खरे आहे. म्हणून तर पडलेला माणूस सापडत नाही.

हिशेब करून पाहा. बोट ताशी सहा सागरी मैलांच्या चालीने निघाली असेल तर एका मिनिटात ती सुमारे १८५ मीटर पुढे जाते. रात्री दोन वाजता खलाशी एकटा उठला, मागे गेला, लाटेने बोट हलली आणि हात सुटला. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. बाकीचे झोपलेले, सुकाणूवरचा माणूस पुढे बघतोय. पाच मिनिटांनी कोणाच्या लक्षात आले तरी बोट पाऊण-एक किलोमीटर लांब गेलेली असते. अंधारात एवढ्या अंतरावरून माणसाचे डोके दिसत नाही. शिवाय आपल्या डोंगरपट्टीतल्या सगळ्याच पोरांना पोहायला येते असे नाही. ओढ्यात डुंबणे वेगळे आणि भरती-ओहोटीच्या ओढीत तरंगून राहणे वेगळे.

त्यानंतर घरच्यांचे हाल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील सामूहिक अपघात विम्यात मच्छिमाराच्या अपघाती मृत्यूला ५ लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु मृतदेहच मिळाला नाही तर कागद जमवताना बायको-पोरांची फार ओढाताण होते. बेपत्ता माणूस मयत धरायला कायद्याने साधारणपणे सात वर्षे जावी लागतात. सातबाऱ्यावर वारसाचे नाव लावायलाही तोच अडथळा. एका कठड्याअभावी एवढे सगळे.

बादलीचा दोर

आता एक गोष्ट अशी की, जी खलाश्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. धुण्यासाठी चालत्या बोटीवरून बादली समुद्रात सोडून पाणी ओढतात. विहिरीवर सवय असल्याने दोराचा वेढा मनगटाला घालतात. विहिरीचे पाणी जागेवर असते, इथे बोट पळत असते. बादली भरली रे भरली की असा हिसका बसतो की धडधाकट माणूसही कडेवरून ओढला जातो. म्हणून दोराचे टोक बोटीच्या खुंटाला बांधावे, हाताला कधीही गुंडाळू नये, आणि बादली लहान, पाच-सात लिटरची घ्यावी. त्याहून बरे म्हणजे बोट उभी असताना एक झाकणाचे पिंप भरून ठेवावे आणि त्यातून टमरेलने पाणी घ्यावे. रात्री तर बादली टाकूच नये.

पूर्वी शिडाच्या मोठ्या जहाजांवर शौचाची जागा पुढच्या टोकाला असे. वारा मागून येई, त्यामुळे घाण पुढे उडून जाई. इंग्रज खलाशी बोटीवरच्या संडासाला आजही 'हेड' म्हणजे डोके म्हणतात ते त्यावरूनच. आपली बोट इंजिनावर चालते, पुढे जाताना वारा समोरून लागतो, म्हणून आपली जागा मागच्या अंगाला हवी. एवढे पाहावे की ज्या कडेने जाळे वर येते, जिथे मासळी निवडतात, तिथून ती जागा दूर असावी. शिवाय जेवणाचे पिंप, बर्फाच्या खणाचे तोंड आणि चूल यांच्या वरच्या अंगाला नसावी. लाटेचे पाणी धुवून खाली कुठे जाते ते आधी बघावे.

जागा करायला फार काही लागत नाही. उभे राहिल्यावर कमरेच्या वर येईल असा तिन्ही बाजूंचा कठडा, धरायला दोन्ही हातांना दांडी, पाय घसरू नये म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या, आणि आडोशाला प्लायवूड किंवा ताडपत्री. बसायला फळीत भोक. तेही जमत नसेल तर घट्ट झाकणाची बादली कठड्याच्या आत दोराने बांधून ठेवावी. माणूस बोटीच्या आत बसतो, बाहेर लोंबकळत नाही, हे मुख्य. बोटीवर सुतारकाम तर दर पावसाळ्यात निघतेच. बोट ओढलेली असते, फळ्या बदलतात, रंग देतात. त्याच वेळी हे उरकता येते.

काही नव्या फायबरच्या बोटींवर हातपंपाचे भांडे बसवता येते. त्याची नळी तळातून समुद्रात जाते आणि तिला झडप असते. वापर झाला की झडप बंद केलीच पाहिजे. ती उघडी राहिली तर समुद्राचे पाणी उलटे आत येऊन बोट भरू शकते. अशा भांड्यात चिंधी, विडीचे थोटूक, गुटख्याची पुडी काही म्हणता काही टाकायचे नाही. बारीक नळी एकदा तुंबली की ती मोकळी करायचे काम कोणाच्या वाट्याला येते ते सांगायला नको. नव्या पोराच्याच.

ही रीत आधी ठरवा

सोय झाली तरी रीत हवी. रात्री कोणीही न सांगता मागे जायचे नाही, सुकाणूवरच्याला किंवा शेजारच्याला 'जाऊन येतो' एवढे सांगूनच जायचे. आपल्याकडे हे बोलायची लाज वाटते, विशेषतः पहिल्याच वर्षी गेलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला. थोरल्या खलाश्यांनी त्याची थट्टा करू नये, स्वतः आधी सांगून जावे म्हणजे पोरगा शिकतो. माणूस परत आला नाही तर हाक मारायची जबाबदारी ज्याला सांगितले त्याची. जाळे टाकताना, ओढताना, बोट वळवताना कोणी मागे बसायचे नाही. अंगात तरंगणारे जॅकेट असावे. दारू प्यालेला माणूस मागे एकटा जाता कामा नये. लघवीलासुद्धा हेच नियम, कारण उभा राहून कडेवर वाकणाऱ्याचाच तोल लवकर जातो.

आणि माणूस पडलाच तर? मोठ्याने ओरडा, हाताशी असेल ते तरंगणारे, रिकामे पिंप, फ्लोट, रिंग, पाण्यात टाका. एकाने फक्त पडलेल्याकडे बोट दाखवत उभे राहायचे, नजर हलवायची नाही. तांडेलाने बोट फिरवून वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर मदत मागावी. मोबाईल लागत असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. हा नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा, वहीत नको.

दुसरे संकट पोटाचे. सात माणसे एकाच पिंपातले पाणी पितात. शौचाहून आलेला हात समुद्राच्या पाण्याने धुतला, न धुतला, तोच पेला पिंपात बुडवला की एकाची हगवण सगळ्या बोटीची होते. पाड्यावर जे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो तेच इथे, लांब दांडीचे ओगराळे ठेवा किंवा पिंपाला तोटी बसवा. बर्फाच्या खणात आपण त्याच पायांनी उतरतो, म्हणून त्या बर्फाचा तुकडा पाण्यात टाकून पिऊ नये. पिण्याच्या पाण्यात टीसीएल टाकायचे प्रमाण ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला पाठ असते. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला एक ग्रॅम, आणि अर्धा तास थांबून मग वापर. पावडर कोरड्या घट्ट डब्यात हवी, दमट हवेने तिचा जोर जातो.

खाऱ्या पाण्यात नेहमीच्या साबणाला फेस येत नाही, म्हणून खलाशी साबण ठेवणेच सोडून देतात. खोबरेल तेलापासून केलेल्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, धुण्याची पातळ पावडरही चालते. शेवटी हातावर पेलाभर गोडे पाणी घ्यावे. गोड्या पाण्याची काटकसर मी समजू शकतो, पण हातासाठी आणि अंगाच्या सांध्यांसाठी एवढे पाणी सोडाच. मीठ अंगावर वाळून जांघेत, काखेत चट्टे उठतात, त्यात ओले कपडे. नायटा घेऊन घरी आलेले खलाशी दर उन्हाळ्यात दिसतात.

पोट बिघडलेच तर क्षारसंजीवनीची पाकिटे बोटीवर असावीत. नसतील तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. समुद्राचे पाणी मिठाऐवजी घालू नये. शौचातून रक्त पडले, ताप चढला, लघवी बंद झाली तर फेरी सोडून किनाऱ्याला यावे. मागे जायची भीती म्हणून पाणीच कमी प्यायचे, असेही काही जण करतात. भर उन्हात जाळे ओढणाऱ्याने असे केले तर लघवीची जळजळ, मुतखडा, मूळव्याध यांना आमंत्रणच.

जागा धुवायची पाळी लावा. तांडेलालाही पाळी असावी, नाही तर पाळी टिकत नाही. रोज ब्रशने घासून पाणी, आठवड्यातून दोनदा टीसीएलचे पाणी. ॲसिड आणि टीसीएल एकत्र कधीही ओतू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद केबिनशेजारी तो जिवावर बेतेल. तळात साचलेल्या पाण्याचा पंप आणि संडासची बादली यांचा संबंध येऊ देऊ नये.

मालक म्हणेल, हा खर्च कशाला? त्यालाही फायदा आहे. गुजरातच्या बंदरांवरची माकुळ, वाकटी, कोळंबी परदेशात जाते. १९९७ मध्ये स्वच्छतेतील त्रुटींमुळे युरोपीय संघाने आपल्या मासळीवर काही महिने बंदी घातली होती. त्यांच्या २००४ च्या नियमात तर बोटीच्या बांधणीविषयीच लिहिले आहे की सांडपाणी, तळातले पाणी, तेल यांचा मासळीला स्पर्श होता कामा नये. मासेमारी कामगारांविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय करारातही बोटीवर शौचालयाची सोय धरलेली आहे. रेल्वेचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. डहाणू रोड स्टेशनात गाडी उभी असताना संडास वापरू नका अशी पाटी असायची, घाण रुळावर पडायची. आता डब्यांखाली जैव-शौचालये बसली. रेल्वेला जमले ते बोटीला अजिबात जमणार नाही असे मला तरी वाटत नाही.

खरी वेळ आहे ती उचल घेण्याची. हंगामाआधी तांडेल पाड्यावर येतो, पगार ठरतो, उचल हातात पडते. त्याच बैठकीत दोन प्रश्न विचारायचे. बोटीला मागे कठडा आहे का? माणशी जॅकेट आहे का? एकट्याने विचारले तर 'लई शाणा झालास' असे ऐकावे लागेल. एका पाड्यावरचे दहा जण जात असतील तर दहांनी मिळून विचारावे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी त्या दिवसांत एक बैठक शाळेत घ्यावी. कोण कोणत्या बोटीवर जातो, बोटीचा नोंदणी क्रमांक, मालकाचा फोन एका वहीत लिहावा, विम्याचे विचारावे. ही वही पुढे दहा कामांना उपयोगी पडेल.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना आणखी एक सांगणे आहे. बोट खाडीत शिरल्यावर कोणी बादली रिकामी करू नये. त्याच खाडीत आपल्या बायका कालवे आणि शिवल्या काढतात. ही शिंपली पाणी गाळून पोट भरतात, म्हणून पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. बादली किनाऱ्यावरच्या शौचालयातच ओतली गेली पाहिजे, आणि त्यासाठी बोटी लागतात तिथे ते असायला हवे, रात्री-अपरात्री उघडे, पाण्यासकट. बांधायला निधी मिळेलही. त्याची किल्ली कोणाकडे राहणार आणि पहाटे चारला ती मिळणार का, हे मात्र बांधायच्या आधी ठरवून ठरावात लिहा.