तीन टिंबांतले शास्त्रज्ञ

मजकुरात अवतरणचिन्हे आली आणि त्यांच्या मधोमध तीन टिंबे दिसली, की माझी पेन्सिल आपोआप थांबते. तिथे काहीतरी गाळलेले असते. मुद्रितशोधक म्हणून माझी बरीच वर्षे देवस्थानांची त्रैमासिके, पंथांची मासिके आणि दिवाळी अंकांतले अध्यात्म विभाग तपासण्यात गेली. या छपाईत शास्त्रज्ञ फार भेटतात. आइन्स्टाइन तर जवळपास दर अंकाला हजेरी लावून जातात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या नावावर छापलेले वाक्य त्यांनी कुठे, कधी म्हटले याचा पत्ता नसतो.

त्यातल्या त्यात कार्ल सेगन यांचा पत्ता सापडतो. या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाचे ‘कॉसमॉस’ हे पुस्तक 1980 सालचे. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा, रात्रही तेवढीच. हे 864 कोटी वर्षांचे मोजमाप सेगन यांनी कौतुकाने सांगितले आणि आधुनिक विश्वशास्त्राच्या कालमानाशी जुळणारा हिंदू हा एकच धर्म, असेही लिहिले. मात्र ते जुळणे हा योगायोग, हेही त्यांनी त्याच वाक्यात घातले होते. आमच्याकडे येणाऱ्या प्रुफांत कौतुक शाबूत असते आणि योगायोगाच्या जागी टिंबे असतात. कधी तर टिंबांचाही खर्च वाचवलेला असतो.

मग येते ‘नासा’. ‘संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा, असे नासाने सिद्ध केले’, हे वाक्य मी किती अंकांत वाचले त्याची गणती नाही. त्याचे मूळ आहे 1985 सालच्या एका लेखात. रिक ब्रिग्ज नावाचे संशोधक कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत काम करत. त्यांनी ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात लिहिले, की वाक्याचा अर्थ यंत्राला कळेल असा उलगडून मांडायची जी धडपड संगणकवाले करत आहेत, तसे काम संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वी केले आहे. कोण शिजवतो, काय, कशात, कोणासाठी, असे क्रियेभोवतीचे सगळे संबंध ते सुटे करून दाखवत. लेख विचार करायला लावणारा आहे. पण तो एका संशोधकाचा लेख. नासाने त्यात काही सिद्ध केलेले नाही आणि संस्कृतात प्रोग्रॅम लिहायलाही घेतलेले नाहीत.

मला खरी चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. ब्रिग्ज यांनी ज्यांचा आधार घेतला त्यांत नागेशभट्ट आहेत. म्हणजे नागोजीभट्ट, काशीत राहून व्याकरणावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिणारे महाराष्ट्रीय पंडित. एका मासिकाच्या प्रुफावर मी समासात लिहिले, ‘नासाऐवजी नागेशभट्टांचे नाव घालावे का?’ संपादक निवृत्त शिक्षक, सज्जन गृहस्थ. त्यांचा फोन आला. “ताई, नागेशभट्ट कोणाला माहीत? नासा म्हटलं की माणूस वाचतो. आणि तुम्ही आपलं ऱ्हस्व-दीर्घ बघा.” मी ऱ्हस्व-दीर्घ बघितले. पण परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या लेखातून परंपरेतला माणूसच बाहेर आणि अमेरिकी अंतराळसंस्था आत, हे मला अजून पचलेले नाही.

हा रोग एकाच धर्माचा, असे कोणी समजू नये. ‘टेहळणी बुरूज’ हे मासिक काढणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांनी 1985 सालीच उत्क्रांतीविरुद्ध एक जाडजूड पुस्तक काढले. पान उलटावे तिथे तज्ज्ञांची अवतरणे. त्यात पुन्हा पुन्हा येणारे एक नाव फ्रान्सिस हिचिंग. त्यांची ओळख उत्क्रांतिवादी अशी करून दिलेली. म्हणजे विरोधकाच्या तोंडूनच कबुली! प्रत्यक्षात हिचिंग हे ब्रिटिश लेखक. गूढ शक्तींवर लिहिणारे, आपल्याकडचे पाणाडे करतात त्या विद्येवर अख्खे पुस्तक लिहिणारे. जीवशास्त्रज्ञ नव्हेत.

डार्विनची गोष्ट तर याहून जुनी. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीने घडला असेल हे मानणे अगदी वेडगळ वाटते, असे त्यांनी 1859 साली लिहिले, हे खरेच. सृष्टिनिर्मितीवाद्यांच्या पत्रकांत ते आजही छापले जाते. पुढच्याच ओळीपासून डार्विन, साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या तर ही अडचण खरी उरत नाही, हे समजावू लागतात. ते ‘वेडगळ’चे वाक्य म्हणजे जुन्या वादपद्धतीतली पूर्वपक्षाची, उत्तर देण्याआधी आक्षेप सांगण्याची, मांडणी होती. पूर्वपक्ष छापायचा आणि उत्तरपक्ष फाडून टाकायचा, ही आपल्या शास्त्रीपंडितांनी कधी खपवून घेतली नसती अशी लबाडी आहे.

श्रद्धाळू माणसाला हा उसना साक्षीदार का लागतो? माझी आजी रोज ज्ञानेश्वरी वाचायची. तिला कोणा शास्त्रज्ञाचा शेरा हवा असल्याचे आठवत नाही. मासिकवाल्यांना मात्र शाळेत विज्ञान शिकलेला नातू गाठायचा असतो. त्याच्या लेखी शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा, हे त्यांनीही मनातून मान्य केलेले असते.

काही वेळा तर तज्ज्ञ अस्सल असतो, त्याचा विषय तोच असतो आणि टिंबेही नसतात. कीथ मूर हे टोरांटो विद्यापीठातले शरीररचनाशास्त्रज्ञ. गर्भाच्या वाढीवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक जगभर चालते. सौदी अरेबियातल्या विद्वानांबरोबर बसून त्यांनी कुराणातल्या गर्भविषयक आयतींचा आधुनिक ज्ञानाशी मेळ घातला आणि 1983 साली त्या पाठ्यपुस्तकाची इस्लामी पुरवणी जोडलेली खास आवृत्ती निघाली. प्रचारपुस्तिकांमध्ये मूर तेव्हापासून सतत भेटतात. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी परीक्षेसाठी त्यांचेच पुस्तक वाचतात, पण ती पुरवणी नसलेले.