चिवावाचा बेत

“यंदा कुठे?”

“चिवावाला.”

“म्हणजे ते चिमुकले कुत्रे?”

गेल्या चार महिन्यांत हा संवाद वाण्याच्या दुकानात, बँकेत, जिन्यावर आणि एका साखरपुड्याच्या पंगतीत मिळून निदान पंचवीस वेळा तरी झाला असेल. प्रत्येकाला मी शांतपणे सांगतो की, कुत्र्याला ते नाव गावावरून पडले, गावाला कुत्र्यावरून नव्हे. चिवावा हे उत्तर मेक्सिकोतले तीनशे वर्षांचे जुने शहर आहे, ह्याच नावाच्या राज्याची ती राजधानी आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वाळवंटाच्या कुशीत ते वसले आहे. एवढे ऐकल्यावर समोरचा गृहस्थ हमखास दुसरा प्रश्न विचारतो, “पण तिथेच का?”

ह्याचे उत्तर जरा लांबचे आहे.

आमची मुलगी आणि जावई टेक्सासमधल्या एल पासो गावी असतात. मागल्या खेपेस गेलो तेव्हा तिच्या गच्चीवरून पलीकडचे डोंगर दिसत. “ते काय ग?” म्हणून विचारले, तर म्हणाली, “बाबा, तो मेक्सिको.” मधे नुसती एक नदी. मला एकदम माझे वडील आठवले. वडिलांनी तरुणपणी नागपूरला डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांना पाहिले होते. वर्ध्याचा हा क्रांतिकारक गदर चळवळीत पडला, देशोदेशी हिंडला आणि १९२४ साली मेक्सिकोत पोहोचला. तिथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले. दिएगो रिवेरा ह्या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. वडील नेहमी म्हणत, “एकदा मेक्सिको पाहायचा.” पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता ते राहून गेले. आता खरे सांगायचे तर चापिंगो मेक्सिको शहराजवळ, आणि चिवावाशी खानखोज्यांचा काही संबंध नाही. तो मी ओढूनताणून जोडतही नाही. पण एल पासोहून चिवावा आपल्या पुणे-नागपूर अंतराच्या निम्मे. इतक्या जवळ जाऊन परत फिरलो, तर ‘पुढच्या वर्षी’चा वारसा मी पुढे चालवल्यासारखे होईल, एवढेच मनात आले.

चांदीने वसवलेले गाव

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंट आणि वाळूच्या टेकड्या येतात. तशा टेकड्या तिथेही आहेत. हुआरेसहून चिवावाला जाताना सामालायुका येथे रस्त्यालगतच लागतात. पण चिवावाचे बहुतेक वाळवंट काटेरी झुडपांचे, निवडुंगाचे आणि उघड्या डोंगरांचे आहे. गाव आपल्या महाबळेश्वराहून किंचित जास्त उंचीवर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्याच्या रात्री हुडहुडी भरते. पाऊस पडतो तो जुलै ते सप्टेंबरात, म्हणजे आपल्यासारखाच. म्हणून आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ धरला. पाऊस ओसरलेला असतो आणि थंडीने अजून दात दाखवलेले नसतात.

अशा रुक्ष जागी माणसे वस्तीला का आली? कारण एकच: चांदी. जवळच्या सांता एउलालियाच्या डोंगरात चांदीच्या खाणी लागल्या आणि १७०९ साली स्पॅनिशांनी नदीकाठी हे गाव वसवले. मेक्सिको शहरापासून सांता फेपर्यंत जाणारा जुना राजमार्ग येथूनच जाई. खेचरांचे तांडे चांदी घेऊन दक्षिणेकडे जात आणि कापडचोपड घेऊन उत्तरेकडे येत. गावातले भव्य चर्च १७२५ साली बांधायला घेतले. त्याचा खर्च खाणीतून निघणाऱ्या चांदीवर छोटासा कर बसवून भागवला. लांबून दिसणारे त्याचे जुळे मनोरे ज्यांच्या पैशांतून उभे राहिले, ते बहुतेक काळोखात कुदळ मारणारे लोक होते, हे पाहताना विसरू नये.

एका पाद्र्याची कोठडी

पण मला ओढ आहे ती चर्चची नाही, तळघरातल्या एका कोठडीची.

मेक्सिकोचा स्वातंत्र्यलढा सुरू केला तो मिगेल हिदाल्गो नावाच्या साठीकडे झुकलेल्या एका खेड्यातल्या पाद्र्याने. १६ सप्टेंबर १८१० रोजी पहाटे त्याने चर्चची घंटा वाजवून गावकऱ्यांना जमवले आणि स्पॅनिश अंमलाविरुद्ध उठण्याची हाक दिली. सहा महिन्यांत तो पकडला गेला. त्याला वाळवंटातून चिवावाला आणले आणि जेझुइटांच्या जुन्या विद्यालयाच्या मनोऱ्यात डांबले. आधी त्याचे धर्मपद काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी, ३० जुलै १८११ रोजी, त्याला गोळ्या घातल्या. त्याचे मस्तक दूर ग्वानाहुआतोला नेऊन, त्याच्या तीन सहकाऱ्यांच्या मस्तकांबरोबर, एका धान्याच्या कोठाराच्या कोपऱ्यांवर टांगले. ते दहा वर्षे, स्वातंत्र्य मिळेपर्यंत, तिथेच होते.

ती कोठडी आज ‘कासा चिवावा’ ह्या संग्रहालयाच्या तळघरात जपून ठेवली आहे. शेवटच्या दिवशी हिदाल्गोने भिंतीवर कोळशाने काही ओळी लिहिल्या. त्या ओळींत शाप नाहीत. आपल्याशी माणुसकीने वागलेल्या दोघा पहारेकऱ्यांचे त्यात आभार आहेत. असेही सांगतात की, गोळ्या घालायला आलेल्या शिपायांना त्याने उशीखालची मिठाई वाटली. ही कथा मी आमच्या सौ.ला वाचून दाखवली. ती हातातली फोडणी तशीच ठेवून थोडा वेळ काही बोलली नाही. फोडणी करपली, पण त्या दिवशी चिवावाच्या बाजूचे एक मत वाढले.

ज्या जागी त्याला गोळ्या घातल्या, ती आता राज्याच्या सरकारी प्रासादात आहे. तिथे स्मारक आहे आणि अंगणाभोवतीच्या भिंतींवर आरोन पिन्या मोरा ह्या चित्रकाराने राज्याचा सारा इतिहास रंगवला आहे. स्पॅनिश येत नसले तरी ह्या भिंती वाचता येतात.

पुढचा इतिहासही गावात पावलापावलावर आहे. फ्रेंच फौजांनी देश व्यापला तेव्हा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस ह्यांनी १८६४ साली चिवावात येऊन आपले सरकार चालवले. ते घर आज संग्रहालय आहे. क्रांतीचा सेनानी पांचो व्हिया ह्याचा वाडाही आहे. त्याची पत्नी लुस कोर्राल हिने १९८१ साली मरेपर्यंत तो सांभाळला. २० जुलै १९२३ रोजी पार्राल गावी ज्या डॉज मोटारीत व्हियाला मारले, ती गोळ्यांनी चाळण झालेली मोटार त्याच वाड्यात उभी आहे. गंमत अशी की, व्हियाने चिवावात स्वतःसाठी आधीच समाधी बांधून ठेवली होती. पण त्याला पुरले पार्रालला, आणि ही समाधी रिकामीच राहिली. माणसाने फार लांबचे बेत करू नयेत, हा त्यातला धडा आमच्या जावयाने मला ऐकवला.

घरातली वादावादी

बेताला खरा अडसर आला तो वर्तमानपत्रातून. मुलीने फोनवर स्पष्ट सांगितले, “बाबा, तिकडे टोळ्यांचा उपद्रव आहे. अमेरिकेचे सरकारसुद्धा प्रवाशांना सावध करते. ह्या वयात कशाला?” तिचे खोटे नव्हते. २०२२ च्या जूनमध्ये चिवावाच्या डोंगराळ भागात, सेरोकावी गावच्या चर्चमध्ये, दोन वृद्ध जेझुइट पाद्री मारले गेले. जीव वाचवण्यासाठी एक माणूस देवळात धावत आला होता; त्याला आधार द्यायला ते पुढे झाले, एवढाच त्यांचा अपराध. हे वाचल्यावर मी दोन दिवस नकाशा उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी सौ.नेच विषय काढला. “अहो, तुम्ही एकतर सगळे पाहायचे म्हणता, नाहीतर काहीच नको म्हणता. त्यातले जमेल तेवढे का नाही पाहायचे?”

मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि जे करायचे नाही त्याची यादी आधी केली. दऱ्याखोऱ्यांतून फिरणे नाही. १९६१ साली पुरी झालेली, ८६ बोगदे आणि ३७ पूल ओलांडून प्रशांत महासागराकडे उतरणारी ती सुप्रसिद्ध आगगाडी ह्या खेपेस नाही. मला वाईट वाटले, पण नाही. नायकाच्या खाणीत २००० साली सापडलेली, अकरा-अकरा मीटर लांबीच्या स्फटिकांची गुहाही नाही. ती तशीही प्रेक्षकांसाठी नाही, आत भट्टीसारखा उकाडा असतो. पाकिमेचे मातीच्या घरांचे प्राचीन नगर मनात होते, पण त्यासाठी लांबची वाट तुडवावी लागते, तेही खोडले.

उरले ते शहर, आणि तीन दिवस. प्रवास हमरस्त्याने, चांगल्या कंपनीच्या बसने आणि फक्त उजेडात. सकाळी निघाले की दुपारी चिवावा. अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. उतरायचे चर्चच्या चौकाजवळ, म्हणजे बहुतेक ठिकाणे पायी होतात आणि सौ.च्या गुडघ्याला त्रास नाही. अंधार पडला की खोलीवर. निघण्याच्या आठवड्यात सूचना पुन्हा वाचायच्या आणि त्या बिघडल्या असतील तर मुकाट्याने बेत रद्द करायचा. ही शेवटची अट मुलीची, आणि ती मी सही करून मान्य केली आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी

वाचकांपैकी कोणाची मुले तिकडे असतील आणि त्यांना ही वाट धरावीशी वाटली, तर आम्ही गोळा केलेली माहिती अशी:

भारतीय पासपोर्टावर मेक्सिकोला व्हिसा लागतो. मात्र अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी वेगळा घ्यावा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा असावा, नाहीतर परतताना पुलावरच मुक्काम! पूल ओलांडताना कोणी अडवले नाही तरी मेक्सिकोच्या कचेरीत जाऊन प्रवेशाचा शिक्का घ्यावाच. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात. पाणी बाटलीतलेच प्यावे. चिवावात सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. घरी फोन करताना हे ध्यानात ठेवावे.

आता शाकाहाराचे. दक्षिणेकडे मक्याची भाकरी, तर उत्तर मेक्सिकोत गव्हाची. तिला तोर्तिया म्हणतात आणि ती दिसायला थेट आपली पोळी. सोबत घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ. पण पोळीत आणि उसळीत डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे. तेव्हा ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे म्हणून भागत नाही; ‘सिन पोयो’, कोंबडीविना, आणि ‘सिन मान्तेका’, चरबीविना, हेही म्हणावे. सौ.ने हे तीन मंत्र रामरक्षेसारखे पाठ केले आहेत. चीज मात्र उत्तम मिळते. १९२२ साली कॅनडातून येऊन कुआउतेमोकच्या पठारावर शेती करू लागलेल्या मेनोनाइट पंथाच्या लोकांचे ते चीज प्रसिद्ध आहे.

बाजारात रंगीबेरंगी घागऱ्यांतल्या रारामुरी बायका टोपल्या विकायला बसतात. हे डोंगरातले लोक धावण्यात अजोड. २०१७ साली लोरेना रामिरेस ह्या रारामुरी मुलीने घागरा नि साध्या चपला घालून पन्नास किलोमीटरांची शर्यत जिंकली. त्यांचे फोटो विचारल्यावाचून काढू नयेत, आणि टोपलीच्या भावात घासाघीस करू नये. ही दुसरी सूचना सौ.ची, तिने ती स्वतःला लागू करून घेतली, ह्याचे मला नवल वाटते.

झेंडूची फुले

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोत मृतांचा सण असतो. घरोघरी गेलेल्या माणसांची तसबीर मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि वाटेवर फुले पसरतात, म्हणजे त्यांना घर सापडावे. आपल्या पितृपक्षाची आठवण यावी, अशीच ती मांडणी. २०२४ साली तर १ नोव्हेंबरलाच आपले लक्ष्मीपूजन होते. ती फुले कोणती, ठाऊक आहे? झेंडू! ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही आणि दिवाळीचे तोरण होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. केव्हातरी जहाजातून आला आणि आपल्या दारावर चढून असा बसला की, तो परका आहे हे कोणाला सांगून पटत नाही.

बॅग आता जवळजवळ भरली आहे. स्वेटर, औषधे, मेतकुटाची बरणी, आणि सौ.ने केलेल्या बेसनाच्या लाडवांचा एक डबा. “एवढे लाडू कोणाला?” मी विचारले. “कासा चिवावाच्या दारावर जो कोणी पहारेकरी असेल, त्याला,” ती म्हणाली, “त्या बिचाऱ्या पाद्र्याने नाही का शिपायांना वाटले?”

डब्याशेजारी मी वडिलांचा एक लहानसा फोटो ठेवला आहे. तिथे पोहोचलो की चौकातल्या फुलवालीकडून दोन झेंडू घ्यायचे आणि त्या फोटोपुढे ठेवायचे. एवढे झाले की बेत पुरा. बाकीची हकीकत, संपादकांची मर्जी असेल तर, पुढच्या दिवाळीला.