पलटणीचा आकडा आणि माणसाचे नाव

हरिहरेश्वराच्या पायथ्याशी सावित्री समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला. तो अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांकडे गेला. अलीकडचा श्रीवर्धनचा मुलूख 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाचा. राज्ये दोन, पण घरांची रीत एकच. वरकस जमिनीवर आणि चार महिन्यांच्या भातावर घर चालत नाही. म्हणून एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, एक पलटणीत, आणि एक घरी नांगराला. गिरणीतल्या भावाविषयी आम्ही आजवर पुष्कळ बोललो. पलटणीतला भाऊही पोटासाठीच घराबाहेर पडला होता. त्याचा हिशेब आज मांडू.

प्रथम पलटण म्हणजे काय ते पाहू. दहाएक शिपायांची एक सेक्शन; तिच्यावर नाईक. तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटुनींची कंपनी, चार कंपन्या आणि वरची कामे सांभाळणारी माणसे मिळून बटालियन, म्हणजेच आपली पलटण. साधारण आठशे माणसांची. अशा अनेक पलटणी मिळून रेजिमेंट. 1922 साली मराठा पलटणींची फेररचना झाली आणि त्या पाचव्या रेजिमेंटीत आल्या. 3/5 असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. तिचे जुने नाव 110 वी मराठा.

या 110 वीने काय सोसले? पहिल्या महायुद्धात ती 103 व 117 या मराठा पलटणींसह इराकात कूट येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा 147 दिवस चालला. धान्य संपले, घोडे कापून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बराच काळ नाकारले. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. पुढच्या कैदेत हजारो मेले.

दुसऱ्या महायुद्धात तीच पलटण, आता 3/5 या नावाने, 1941 साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली. त्याच साली लिबियातील तोब्रुक बंदरात ऑस्ट्रेलियाची नववी डिव्हिजन महिनोन्महिने वेढा सोसून टिकली. पुढच्या वर्षी, 21 जून 1942 ला तोब्रुक पडले, तेव्हा कैदेत गेलेल्यांत आपली 2/5 मराठा होती. बंदर एकच, शत्रू एकच. परंतु दोन्ही देशांनी आपल्या माणसांची आठवण कशी ठेवली, यात फार अंतर आहे.

पहिल्या युद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलियाची वस्ती पन्नास लाखांच्या आत. त्यातले साठ हजार मेले. त्यांनी कॅनबेरा येथे मोठे स्मारक बांधून 1941 साली उघडले. तिथल्या भिंतींवर आज एक लाखाहून अधिक नावे आहेत, आणि नावापुढे हुद्दा नाही. जनरल आणि शिपाई एका मापाचे. आता बसऱ्याचे स्मारक पाहा. ते 1929 साली उघडले. तेथे ब्रिटिश शिपायांची नावे आहेत. हिंदी अंमलदारांचीही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली. ही विषमता होती, हे स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ मंडळाच्या चौकशीने 2021 मध्ये मान्य केले. आपल्याकडेही जुन्या चावडीवर संगमरवरी पाटी आढळते: या गावातून इतके गेले, इतके मेले. नाव एकही नाही. गिरणीत मस्टरवर नाव नसेल तर त्या माणसाचा पगार नाही, हक्क नाही. मेलेल्या शिपायाचेही तसेच झाले.

नाव लिहिले तर काय होते, हे याच जिल्ह्याने दाखविले आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचा नाईक यशवंत घाडगे, वय 22, पलटण 3/5. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी त्याची सारी सेक्शन मशीनगनपुढे मेली वा जखमी झाली. मागे कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही तो एकटा धावला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालविणारा उडविला, एकाला टॉमीगनने टिपले. पुढे मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याने मारले. शत्रूच्या नेमबाजांनी त्याच ठाण्यात त्याला टिपले. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅसिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे, माणगावास पुतळा आहे, आणि 2023 साली इटलीतील मोंतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले.

परंतु त्या दिवशी त्याच्या सेक्शनीत पडलेले इतर कोण? त्यांचीही आई पोस्टमनची वाट पाहत होती. आमची श्रोत्यांस एकच विनंती. घरच्या पेटीत जुने सेवापुस्तक, पेन्शनचा कागद किंवा पदक असेल तर त्यावरचा नंबर, नाव आणि पलटण वहीत उतरवून घ्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत व एक वाचनालयात द्या. पाटीवर आकडा कोरणाऱ्यांनी जे काम टाळले, ते आपल्या गावात आपल्याला करता येईल.