चिकित्सेच्या चार पादांतील पहिला

चिकित्सेला अपेक्षित यश आले नाही की कारणांचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा दवाखान्याच्या उंबरठ्याबाहेर सुरू होतो. रुग्णाने पथ्य पाळले नाही, घरच्यांनी काढा नीट उकळला नाही, द्रव्ये पूर्वीसारखी राहिली नाहीत, शासनाचे लक्ष नाही. वैद्यांच्या बैठकांतून ही वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. त्यांत तथ्य नाही असे नव्हे. तथापि चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चार पाद सांगून भिषकास प्रधान मानले आहे आणि त्यासाठी दृष्टान्त योजला आहे तो स्वयंपाकाचा. भांडे, सरपण व अग्नी ही साधने; मुख्य तो रांधणारा. भात करपला म्हणून सरपणाला कोणी जाब विचारीत नाही.

प्रथम द्रव्याचाच विचार करू, कारण सर्वाधिक खापर त्याच्यावरच फोडले जाते. स्त्रीरोगांत नित्य वापरला जाणारा अशोक घ्या. खरा अशोक, म्हणजे सराका असोका, आज निसर्गात विरळ झाला आहे. त्याच्या सालीची मागणी मात्र घटलेली नाही. त्यामुळे बाजारात त्याच्या नावाखाली आसोपालवाची साल येते. हा आसोपालव म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळ उंच वाढणारा, तोरणात पाने लागणारा वृक्ष. (सामान्यजन त्यालाच अशोक म्हणतात, हे व्यापाऱ्याच्या पथ्यावरच पडते.) उभे झाड ओळखणे अवघड नाही. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, फुले नारिंगी-तांबडी. आसोपालवाचे पान साधे, कडा नागमोडी, फुले हिरवट. पण सालीचे वाळलेले तुकडे पोत्यात पडले की पाने-फुले साक्षीला उरत नाहीत आणि भुकटी झाल्यावर तर केवळ डोळ्यांवर विसंबणे व्यर्थच. म्हणून औषधनिर्मात्या बंधूंनी भरड वा चूर्ण न घेता अखंड साल घ्यावी, प्रमाणित नमुना जवळ ठेवावा, प्रत्येक खेपेची सूक्ष्मदर्शकाखाली व टीएलसीने परीक्षा करावी. सन 2000 मध्ये आलेल्या ‘शेड्यूल टी’ने कच्च्या मालाची तपासणी व नोंदी बंधनकारक केल्याच आहेत. परंतु निरीक्षक येण्यापूर्वी भरलेली वही आणि खेप उतरताच भरलेली वही यांतील अंतर कायदा मोजू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

सन 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शोधित-मारित रसौषधी आणि दूषित वनौषधी यांतील भेद त्या चर्चेत पुसला गेला, ही तक्रार रास्त आहे. पुढे 1 जानेवारी 2006 पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. परदेशी ग्राहकासाठी जी काळजी घ्यावयाची ती गावच्या रुग्णासाठी का नको, हे आपल्याला आदेशाने कळावे काय?

वैद्याच्या टेबलावरही हेच लागू होते. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन मासांनंतर उणे होते असे सांगितले आहे. कायद्याने मिळणारी मुदत त्याहून पुष्कळ मोठी आहे. मोठा डबा फोडून पुड्या बांधणाऱ्याने डबा फोडल्याची तारीख त्यावर लिहावी, एवढे तरी करावे. ज्याचा घटक लेबलावर नाही, अशी ‘गुणकारी’ भुकटी तर दवाखान्यात येऊच नये. सांधेदुखी दोन दिवसांत थांबविणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉईड निघाल्याची उदाहरणे आपणांस अपरिचित नाहीत. पुडी आपल्या हातून गेली की तिच्यातील द्रव्याला आपणच उत्तरदायी.

आणखी एक गोष्ट. जो रुग्ण परत आला नाही तो बरा झाला, असे आपण सोयीने धरून चालतो. आमच्या मते वैद्याच्या आत्मपरीक्षणातील ही सर्वांत मोठी पळवाट होय. बहुशः कर्मदर्शन हा वैद्यगुण केवळ वर्षे मोजून येत नाही; फसलेले कर्मही पाहावे लागते.

स्वतःच्या देहाविषयी काय? नगराधिपतीने नगराची वा सारथ्याने रथाची घ्यावी तशी दक्षता शरीराची घ्यावी, असा उपदेश चरकाने केला आहे. रात्री दहापर्यंत रुग्ण तपासून अकराला जेवणारा वैद्य सकाळी आम्लपित्ताच्या रुग्णास सूर्यास्तापूर्वी जेवावयास सांगतो, तेव्हा रुग्ण त्याच्या पोटाकडे पाहतो. हिताहित जाणूनही मन आवरता न येणे याला आपण रुग्णाच्या बाबतीत धृतिभ्रंश म्हणतो, प्रज्ञापराधात गणतो. वैद्याच्या बाबतीत मात्र त्याचे नाव ‘व्यवसायाचा व्याप’ असे पडते! विमानस्थानात अध्ययनविधी सांगताना पहाटेपासून रात्रीपर्यंतचे काळ नेमून दिले आहेत. एवढा वेळ आज कोणास नाही, हे मान्य. पण दवाखान्याची वेळ अर्ध्या तासाने आवरती घेणे आपल्याच हाती आहे.

त्या अर्ध्या तासात महिन्याभरात न परतलेल्या दहा रुग्णांचे केसपेपर काढावेत, त्यांना दूरध्वनी करावा, आणि उपशय, अनुपशय वा उपद्रव जे कळेल ते तारखेसह त्याच कागदावर लिहावे. उपद्रव औषधाचा वाटल्यास आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राकडे त्याचे विवरण पाठवावे. निर्मात्यालाही खेपेचा क्रमांक कळवावा.