हातचं राखून फुलणारी फुलं

‘आफ्रिकन डेझी’च्या बियांची पुडी आणावी, हौसेनं कुंडीत पेरावी, त्यातलं थोडं बी चार दिवसांत तरारून यावं आणि बाकीचं रुसून बसावं! मग आपण बोल लावतो दुकानदाराला. पण मैत्रिणींनो, दरवेळी दोष त्याचाच असतो असं नाही. हा त्या फुलाचा जन्मस्वभावच आहे.

याचं शास्त्रीय नाव डायमॉर्फोथेका. झेंडू-शेवंतीच्या मोठ्या कुळातलं हे फूल, आणि कॅलेंड्युला तर याची अगदी जवळची बहीण. माहेर दक्षिण आफ्रिकेतलं नामाक्वालँड. एरवी हा रुक्ष, खडकाळ मुलूख. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा, आणि जो काही तुटपुंजा पाऊस पडतो तो त्याच दिवसांत. तो बरा झाला, की ऑगस्ट-सप्टेंबरात मैलोगणती केशरी गालिचे पसरतात. पडीक शेतांत तर ही फुलं विशेष माजतात. वंशातल्या काही जाती बारमाही झुडपं आहेत. पण गालिचे विणणाऱ्या जाती एका हंगामाच्याच. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि उन्हाळ्याआधी संपायचं!

आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं म्हणजे फुलांचा झुबका. कडेच्या पाकळ्या ही मादीफुलं, मधली बारीक फुलं वेगळी. गंमत अशी, की दोघींचं बीही वेगळं. मधल्या फुलांचं बी चपटं, कागदी पंखांचं. वाऱ्यावर दूर जातं आणि पाऊस मिळताच बहुधा उगवतं. कडेच्या फुलांचं बी बिनपंखी, खडबडीत, जाड सालीचं. ते सहजासहजी उगवत नाही. ‘डायमॉर्फोथेका’ या ग्रीक नावातच ‘दोन रूपं’ हा अर्थ आहे.

असं का? समजा, पहिल्या सरीला झाडून सगळं बी उगवलं आणि पुढे पावसानं दगा दिला, तर वंशच बुडायचा! म्हणून थोडं बी मातीत राखून ठेवायचं. पेरणीआधी बियाण्याची जोंधळ्याची कणगी वेगळी ठेवणाऱ्या घरधनिणीला हे शहाणपण वेगळं सांगायला नको.

दुसरा स्वभाव उन्हाचा. सकाळी ऊन चढलं की फूल उघडतं, तिन्हीसांजेला मिटतं आणि ढगाळ दिवशी उघडतच नाही. त्यामुळे पराग कोरडे राहतात. पांढऱ्या जातीला लिनियसनं १७५३ साली दिलेल्या ‘प्लुव्हिआलिस’ या नावात पाऊसच आहे.

तेव्हा ऑक्टोबरात पेरा, कुंडीला भरपूर ऊन द्या, पाणी साचू देऊ नका. फुलदाणीसाठी मात्र तोडू नका. घरात आणलं की मिटतं. आणि न उगवलेल्या बियांची माती फेकू नका. त्यातलं एखादं अजून वाट पाहत असेल!