वैमानिकरहित विमाने आणि विमानतळांची सुरक्षितता

धान्याच्या पेढीवर बसणाऱ्यांनी आकाशातील वाहतुकीविषयी लिहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आमच्या सभासदांच्या घरच्या लग्नसमारंभांत ड्रोन, म्हणजे वैमानिकरहित छोटे विमान, आता सर्रास छायाचित्रे टिपते; आणि बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या आमच्या वस्तीच्या शहरांनजीक विमानतळ आहेत. तेव्हा हा विषय आपल्या दारचाच होय.

दि. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीनजीक सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात परस्परांवर आदळून ३४९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर आपल्या देशात मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. हे यंत्र जवळच्या विमानास बिनतारी साद घालते. त्यावरील ट्रान्सपाँडर उत्तर देतो. त्यावरून अंतर व उंची कळते, आणि एका वैमानिकास वर चढण्याची, तर दुसऱ्यास खाली उतरण्याची सूचना मिळते. मात्र जे उत्तरच देत नाही, त्याचा या यंत्रास पत्ता लागत नाही. लग्नातले लहान ड्रोन बहुधा असेच मुके असते.

मग ड्रोननेच विमान ओळखून बाजूस व्हावे, हा मार्ग उरतो. पण कॅमेरा हलका असला तरी धुक्यात निकामी होतो व अंतराचा नेमका अंदाज देत नाही. रडार धुक्यातही अंतर सांगते, परंतु त्याचे वजन व विजेचा खर्च लहान ड्रोनला पेलत नाही. म्हणून दोन-तीन साधनांची जोड लागते. शिवाय उतरणारे प्रवासी विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने येते; म्हणजे दहा सेकंदांत जवळजवळ ७०० मीटर! तेवढ्या अवधीत ओळखणे, ठरविणे व हटणे, हे सारे उरकावे लागते.

दि. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडातील क्वेबेक शहराच्या विमानतळाकडे येणाऱ्या एका लहान प्रवासी विमानास ड्रोन धडकले. सुदैवाने विमान सुखरूप उतरले. परंतु दैवावर व्यवहार चालत नाही.

आपल्याकडील २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग पाडले. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरांच्या आत परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे.

सभासद बंधुभगिनींस आमची विनंती इतकीच की, छायाचित्रकाराशी दर ठरविताना कार्यालय कोणत्या विभागात येते व परवानगी काढली आहे काय, हेही विचारावे. यंत्रास जे दिसत नाही, ते पाहण्याची जबाबदारी उडविणाऱ्याइतकीच उडवावयास सांगणाऱ्याचीही आहे.