शिक्क्यासाठी पायपीट

लेटरबॉक्सिंग म्हणजे उद्यानात, जंगलात किंवा माळरानावर कुणीतरी लपवून ठेवलेली डबी लिहून दिलेल्या खुणांच्या आधारे हुडकून काढण्याचा खेळ. डबीत ना खाऊ असतो ना बक्षीस. एक रबरी शिक्का आणि एक वही, बस्स. तरीही इंग्लंड-अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी अनेक कुटुंबे मुलाबाळांसह या डब्यांच्या मागे फिरतात.

खेळाचे मूळ गाव नैर्ऋत्य इंग्लंडमधले डार्टमूर. शेरलॉक होम्सच्या ‘बास्करव्हिल’च्या कथेतले हेच ते धुक्याचे आणि दलदलीचे पठार. तिथल्या चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांना पठाराच्या अंतर्भागात क्रॅनमिअर पूल नावाच्या जागी नेत असे. नावातल्या इंग्रजी ‘पूल’चा अर्थ तळे असला तरी तिथे आहे तो दलदलीतला खळगा. पण इथवर पोहोचणे हाच पराक्रम होता, आणि पराक्रमाला पुरावा हवा! १८५४ साली पेरटने तिथे एक बाटली ठेवली. येणारे लोक तीत आपल्या नावाचे कार्ड टाकू लागले. पुढे स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवण्याची प्रथा पडली. नंतर येणाऱ्याने ती उचलायची आणि टपालात टाकायची. कार्ड किती दिवसांनी घरी येईल, हे पुढचा पाहुणा कधी उगवतो त्यावर ठरे. यथावकाश वही आली, रबरी शिक्का आला. हा भाग आज लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या क्षेत्रात येतो. लाल झेंडे फडकत असताना तिथे जाता येत नाही.

दुसरी पेटी यायला चाळीस वर्षे लागली, ती १८९४ मध्ये बेलस्टोनजवळ. १९३८ मध्ये डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ डक्स पूल येथे आणखी एक बसवली गेली. १९७०च्या दशकानंतर मात्र पेट्यांचे अक्षरशः पेव फुटले. अमेरिकेत ही लाट ‘स्मिथसोनियन’ मासिकाच्या १९९८ मधल्या एका लेखानंतर उसळली आणि पठारावरचा खेळ शहरातल्या बागांपर्यंत पोहोचला.

खरी गंमत खुणांत आहे. ‘लाकडी पुलावर उभे राहा, होकायंत्रावर १२० अंशांची दिशा धरा, तीस पावले चाला, दोन खोडांच्या झाडामागे चपटा दगड उचला’ ही झाली सोपी खूण. तीस पावले कुणाची, बाबांची की सहा वर्षांच्या मुलीची, यावरून वाद ठरलेला! अवघड खुणा कोड्यात, सांकेतिक लिपीत किंवा त्या जागेच्या इतिहासात दडवलेल्या असतात. फलकावरचे साल वाचले तरच पुढचा आकडा मिळतो. एरवी ‘अजून किती चालायचे’ म्हणून कुरकुरणारी मुले इथे आईबाबांच्या पुढे धावतात, कारण नजर बारीक ठेवण्यात त्यांचाच हात वरचढ असतो.

सोबत न्यायचे सामान मोजकेच: होकायंत्र, पेन, स्टॅम्प पॅड, कोरी वही आणि स्वतःचा शिक्का. तो बहुतेक जण खोडरबर कोरून घरीच बनवतात. कुणी कासव कोरते, कुणी पान. डबी सापडली की तिच्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिच्या वहीत उमटवायचा आणि तारीख घालायची. डबीतला शिक्का खिशात घालणे हा या खेळातला सर्वांत मोठा गुन्हा.

याच जातीचा जिओकॅशिंग हा खेळ २००० साली ओरेगॉनमध्ये सुरू झाला. उपग्रहांवरून मिळणारे स्थान त्याच वर्षीच्या मे महिन्यात सामान्य लोकांसाठी अधिक अचूक झाले होते. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश दिलेले असतात, त्यामुळे यंत्र जवळजवळ दारात नेऊन सोडते. लेटरबॉक्सिंगमध्ये डोके आणि डोळे वापरावे लागतात. मुलांसाठी म्हणूनच ते सरस.

डबी लपवणाऱ्यावर जबाबदारीही असते. उद्यानाच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी. प्राचीन शिळा, दगडी भिंती आणि पक्ष्यांची घरटी यांच्या वाटेला जाऊ नये, झाडाला खिळा ठोकू नये. डबी पाणी न शिरणारी असावी, कारण भिजलेल्या वहीत कुणाचाच शिक्का वाचता येत नाही. शोधणाऱ्याने ती होती तिथेच, तशीच झाकून ठेवावी आणि हे करताना आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.